मंडळी

गावाचं नावच चिखली,
त्यावर पाहुण्यांनी कितीदा विनोद केले असतील.
नवव्या दिवशी पाणी उतरलं
तेव्हा कुणी पाहुणा नव्हता.

भिंतीवर पाण्याची रेघ,
फळीवरच्या डब्यांच्याही वर.
अंगणात कुणाचं तरी पिंप,
तुळशीकट्ट्यावर उसाचं पाचट,
आणि गोठ्यात बुधी.

आधी ट्रक आले.
पिशव्यांवर हसरे फोटो,
आत बिस्किटं, मेणबत्त्या, आणि एकीत
जरीची शेरवानी, बटणं शाबूत.
सासऱ्यांनी ती आठ दिवस घातली.
दुसरं कोरडं काही नव्हतंच.

मग एका टेम्पोतून ही माणसं उतरली.
फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडरचं पोतं,
गमबूट सगळे एकाच मापाचे,
निम्मी माणसं फताडी चालत होती.
‘कुठनं आलासा?’
‘कोल्हापुरातनं. मंडळी आहोत आम्ही.’
‘मंडळी तर दिसतायच की. पर कुणाची?’
‘चर्चची.’
सासूबाईंनी पदर घट्ट केला.
माझ्या कानाशी, ‘बदल्यात काय मागत्यात बघ आता.’

मागितलं त्यांनी.
तांब्याभर पाणी, तेही त्यांच्याच टँकरमधलं,
आणि गोठा कुठाय ते.

पंचनामा झाला होता तसा.
कानातल्या बिल्ल्याचा नंबर, वय, वेत कितवं,
दूध किती, एका वेळचं का दोन्ही.
सगळं सांगितलं मी.
हे नाही सांगितलं, की त्या रात्री
दोन दावी सुटली माझ्या हातून,
तिसरं भिजून फुगलं होतं. निरगाठ.
पाणी कमरेला,
आणि ती माझ्याकडं नुसती बघत होती,
मी सोडवीनच अशी.

शांतवन सातपुते नाव त्या म्हाताऱ्याचं.
चौघांनी दोर लावून ओढलं, खड्डा घेतला, मीठ टाकलं.
माती लोटायच्या आधी
त्यानं टोपी काढली, मला विचारलं,
‘नाव काय होतं हिचं?’

नऊ दिवस मी रडले नव्हते.
‘बुधी,’ म्हणाले. ‘बुधवारची.’
‘बुधी,’ तो म्हणाला
आणि थोडा वेळ गमबुटात गप्प उभा राहिला.
मनात काय बोलला, देवाशी का तिच्याशी,
त्याचं त्याला ठाऊक.

पाचव्या दिवशी देऊळ उरलं.
गुडघाभर गाळ, समईसुद्धा पुरलेली.
रूथ म्हणून एक पोरगी, नर्सिंग शिकणारी,
पायरीशी थांबली घमेलं घेऊन.
‘आत आलं तर चालेल का?’
गुरव आमच्याकडं बघतोय, आम्ही गुरवाकडं.
सासूबाईच पुढं झाल्या,
‘ह्यो चिखल इचारून आलाय व्हय आत? ये.’

रविवारी ते आले नाहीत. त्यांची प्रार्थना असते.
सासूबाई दोनदा वेशीपर्यंत जाऊन आल्या.
‘आज मंडळी न्हाईत?’
माहेरचं कुणी यायचं राहिल्यागत.

सगळंच गोड झालं असंही नाही.
भांडी वाटली तेव्हा आमच्या गल्लीला कुकर कमी पडले,
वरच्या आळीशी अजून बोलणं नाही.
कुणी म्हणालं, काहीतरी डाव असणार यांचा.
असेल.
तीन वर्षं झाली, अजून कळायचाय.

जायच्या दिवशी शांतवननं
खिशातून दोरीचा तुकडा काढला.
बुधीच्या गळ्यातली गाठ त्यानं बघितली होती,
कुणाजवळ बोलला नव्हता.
‘ही सुरगाठ. एक हिसका, बास.’
माझ्याकडून तीनदा बांधून घेतली,
तिसऱ्यांदा डोळे मिटून.

नवी म्हैस आलीय. नाव अजून ठेवलं नाही.
जुलैत नदी पात्राबाहेर पडली
की रात्री बॅटरी घेऊन उठते,
गोठ्यात जाते, एक हिसका देते.
सुटते.
पुन्हा बांधते.